जुन्या जीपला नवें इंजिन

डहाणू-तलासरीकडील ज्या बागाईतदारांस कार्ब्युरेटरच्या जुन्या जीपमध्यें इंजेक्शनचें पेट्रोल इंजिन बसविण्याची इच्छा असेल, त्यांनीं वायरिंगचा विचार आधीं करावा. कार्ब्युरेटर हवेच्या ओढीवर चालतो. इंजेक्शनमध्यें पेट्रोल केव्हां व किती सोडावें, हें ईसीयू नांवाची पेटी सेन्सरांच्या निरोपांवरून ठरविते. म्हणून इंजिन ज्या गाडीचें, त्याच गाडीची पेटी, सेन्सर, अखंड वायरिंग व सांकेतिक किल्ली एकत्र घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. एका गांवचा सातबारा व दुसऱ्या गांवचा नकाशा घेऊन मोजणी जुळत नाहीं. स्वतंत्र पेटी बाजारांत मिळते. परंतु ती जुळवून देणारा जाणता कारागीर जवळ नसेल तर तिचा लोभ धरूं नये.

आपल्याकडील खाऱ्या, दमट हवेंत पिळून टेप गुंडाळलेला सांधा लवकर गंजतो. जोड बंदिस्त असावेत व अर्थची तार इंजिनास आणि सांगाड्यास पक्की बसवावी. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे. नोंदणी-कार्यालयाच्या लेखी संमतीवांचून कामास आरंभ करूं नये. कागद आधीं, पाना मागाहून. गाडी वाटेंत अडली तरी पिकूं लागलेला चिकू थांबत नाहीं.