पगार वरच्यांचा, मंजुरी कोणाची?

सभासद बंधूंनो, आपली पोरे पिंपरी-चाकणच्या कंपन्यांत कामाला आहेत, तेव्हा ही गोष्ट परकी नाही. पब्लिक लिमिटेड कंपनीतील संचालकांचा एकूण मोबदला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांवर न्यायचा, तर पूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागे. १२ सप्टेंबर २०१८ पासून ती अट गेली. आता भागधारकांची सभाच ठरवते. बँकेचे देणे थकले असेल, तर आधी बँकेची संमती हवी.

भागधारक काय अडवणार, असे कोणी म्हणेल. पण २०१४ साली टाटा मोटर्सच्या भागधारकांनी, नफा अपुरा असताना वरिष्ठ संचालकांना द्यायच्या मोबदल्याचे ठराव पाडले! पुढे टपाली मतदानाने ते मंजूर झाले, ही गोष्ट वेगळी.

तिथे शेअर तितकी मते. आपल्याकडे सभासदाला मत एकच, मग ऊस दहा गुंठे असो की दहा एकर. तरी सर्वसाधारण सभेत विषय वाचून होण्याआधीच 'मंजूर, मंजूर' होते आणि मंडळी जेवणाकडे वळतात. यंदा अहवाल घरी वाचून या. कार्यकारी संचालकांचा पगार, संचालकांचे बैठक भत्ते, मोटारींचा खर्च कोणत्या पानावर आहे, ते उभे राहून विचारा. उसाचे बिल थकले असेल, तर हा प्रश्न सर्वांत आधी.