पोटभाडेकरू आणि पोटदुखी

दिवाळीच्या फराळाच्या ताटात कोणी वकिलाची नोटीस वाढीत नाही, हे मला कळते. पण आमच्या गिरगावातल्या चाळीत यंदा ती आधीच वाढली गेली आहे. तेव्हा वाचकांनी चकली तोंडात टाकता टाकता माझे चार तिखट शब्दही गोड मानून घ्यावेत, एवढीच विनंती.

नोटीस आली ती आमच्या शेजारच्या काकूंना. काकू सत्तरीच्या उंबरठ्यावर. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, मागेपुढे कोणी नाही. गेल्या जूनमध्ये त्यांनी चिपळूणकडची एक मुलगी ठेवून घेतली. मुलगी नर्सिंग शिकते. काकूंच्या हातचे जेवते, रात्री आतल्या खोलीत पथारी टाकते आणि पहिल्या तारखेला काकूंच्या हातावर पैसे ठेवते. त्या पैशांत काकूंची औषधे येतात, विजेचे बिल भागते. श्रावणात एका रात्री काकूंच्या छातीत कळ आली, तेव्हा टॅक्सी आणून त्यांना इस्पितळात नेणारी हीच. मालकांच्या वकिलांना मात्र ती ‘बेकायदेशीर पोटभाडेकरू’ दिसली. तिला काढा, नाहीतर खोल्या खाली करा!

आम्ही चौघे शेजारी मालकांकडे गेलो आणि रीतसर परवानगी मागितली. मालक सौजन्याने बोलले, चहाही पाजला, आणि म्हणाले, “आज एकीला हो म्हटले, तर उद्या साऱ्या चाळीची धर्मशाळा होईल. पोटभाडेकरू म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा!”

मालकांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. 1947 च्या मुंबई भाडेकायद्याने पोटभाडेकरू ठेवण्यास बंदी घातली. पुढे 1959 च्या दुरुस्तीने तोवर येऊन ताब्यात बसलेल्यांना अभय दिले. मग 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू परवान्यावर जागेत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूच करून टाकले. दोनदा दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. शिवाय आमचे भाडे असे की त्यात मालकांच्या घरी किलोभर चिवडाही व्हायचा नाही. आणि स्वतः उपनगरात ब्लॉक घेऊन राहायचे नि चाळीतली खोली परस्पर भाड्याने फिरवून पैसा करायचा, असे महाभाग आमच्यातही आहेत. त्यांची वकिली मी करीत नाही.

पण काकूंना आणि त्यांना एकच न्याय कसा? आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. अमलात आला 31 मार्च 2000 पासून. तोही सांगतो की करारात उलट काही ठरलेले नसेल, तर भाडेकरूने जागा पोटभाड्याने देऊ नये. म्हणजे कायद्याने दाराला कडी घातली आहे, कुलूप नव्हे. मालकांच्या एका सहीने ती निघते. दुसरे असे की, पोटभाडे म्हणायचे कशाला? न्यायालये वर्षानुवर्षे हेच विचारीत आली आहेत : भाडेकरूने ताबा सोडला काय? परका माणूस स्वतंत्र कबजा घेऊन बसला काय? काकूंच्या घराची किल्ली काकूंच्या कनवटीला आहे. शेगडी त्यांची, देव्हारा त्यांचा, दार उघडणाऱ्या त्या आणि लावणाऱ्याही त्याच. मग ताबा कोणाचा?

आता धर्मशाळेचे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाने पागडी घेऊन खोली एका अगदी अनोळखी गृहस्थाला दिली. मालकांनी आपला हिस्सा मोजून घेतला आणि नव्या नावाची पावती फाडली. 1999 च्या कायद्याने अशा व्यवहाराला मोकळीकही दिली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की, तेव्हा नागोबा दिसला नाही. कारण त्याच्या डोक्यावर मणी होता! सबंध खोली परक्याला गेली तर चालते, आणि खोलीच्या एका कोपऱ्यात एका पोरीने पथारी टाकली की चाळ बुडते. याला तत्त्व म्हणत नाहीत, पोटदुखी म्हणतात.

आणि ही मुंबई उभी कशी राहिली, याचाही विसर पडू नये. गिरणगावात एकेका खोलीत कोकण-घाटावरचे कितीतरी गिरणीकामगार एकेक ट्रंक नि वळकटी घेऊन राहिले. एक पाळीवर गेला की दुसरा तिथेच पाठ टेकायचा. बायकांनी खानावळी चालवून त्यांना जेवू घातले आणि त्यावर आपले संसार ओढले. पोटभाडेकरू या शब्दात ‘पोट’ आहे, ते व्याकरणाने पोटजातीतले असेल. पण या शहरात ते खरोखरीच पोटाचे आहे.

म्हणून आम्ही मालकांपुढे लेखी चार अटी ठेवल्या आहेत. भाडेकरू स्वतः जागेत राहत असला पाहिजे. ठेवायचे ते एकाच माणसाला, आणि त्याचे नावगाव आधी मालकांना कळवून. मुदत लेखी, शिक्षण संपले की मुक्काम संपला. आणि मिळणाऱ्या पैशांतला ठरावीक वाटा मालकांना, चाळीच्या डागडुजीसाठी. यात मालकांचे काय जाते? उलट जे आज मेहताजींच्या नजरेआड चालते, ते उजेडात येईल. अट मोडणाऱ्यावर त्यांनी खुशाल दावा लावावा. साक्षीला मी उभा राहीन.

मालकांचे उत्तर अजून आलेले नाही. मुलगी दिवाळीला गावी गेली आहे; तिची ट्रंक काकूंच्या खाटेखाली आहे. काल काकूंनी माझ्याकडून कंदील लावून घेतला आणि स्टुलाला हात धरून हळूच विचारले, “तिला परत ये म्हणून कळवू ना रे? की वसतिगृह शोध म्हणू?”

मी म्हणालो, “काकू, ये म्हणून कळवा.”

कळवा म्हणणे मला सोपे होते; नोटीस माझ्या नावाची नाही. म्हणूनच हे सारे माझ्या नावाने लिहिले आहे.