पद देण्याआधी घर आणि हिशेब पाहा

भंडारा जिल्ह्यातील ख्रिस्ती बंधु-भगिनींनो,

तुमसर, साकोली, लाखनी, पवनी या पट्ट्यात आपण संख्येने फार थोडे आहोत. गावात आपली दोन-चार घरे असली, की मंडळीचा पाळक किंवा वडील कसा वागतो हे सगळ्या गावाला माहीत असते. दुकानातली उधारी बुडवली, बांधावरून भाऊबंदांशी हाणामारी केली, बायकोवर हात उचलला, तर ती गोष्ट लपत नाही. शेजाऱ्यांपैकी बहुतेकांनी बायबल उघडलेले नसते. आपल्या पुढाऱ्यांचे वागणे मात्र ते रोज पाहतात आणि त्यावरूनच ख्रिस्ताविषयी मत बनवतात. म्हणून पाळक, वडील, खजिनदार किंवा कमिटीचे सभासद निवडायचे असतील तेव्हा माणसाचे शील आधी पाहा, एवढेच कळकळीचे सांगणे आहे.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय घरी काढून सावकाश वाचा. मंडळीचा अध्यक्ष कसा असावा याची पौलाने तिथे यादी दिली आहे. त्या यादीत कौशल्य म्हणावे असे एकच आहे, शिकवण्याची हातोटी. बाकी सगळे स्वभावाविषयी आहे: दारूपासून दूर, हात न उगारणारा, पैशाची हाव नसलेला, पाहुण्याला दार उघडणारा, स्वतःचे घर नीट सांभाळणारा, आणि मंडळीबाहेरच्या लोकांतही नाव राखून असलेला. आपण मात्र बहुधा आवाज पाहतो, भाषण पाहतो, नातेगोते मोजतो, वरच्या लोकांशी ओळख किती आहे ते विचारतो.

याची किंमत केवढी असते ते आपण जवळून पाहिले आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्याच नागपूरच्या विमानतळावर सप्टेंबर 2022 मध्ये या मंडळीचे प्रमुख बिशप आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून पकडले गेले. शाळांच्या फीचा पैसा दुसरीकडे वळवल्याचा तो आरोप होता. खरे-खोटे न्यायालय ठरवील, आपण निवाडा करू नये. पण बातमी आली त्या दिवशी खेड्यातल्या गरीब विश्वासणाऱ्यालाही शेजाऱ्यांसमोर मान खाली घालावी लागली. पुढाऱ्याचे पाप किंवा त्याचा नुसता संशयही त्याच्या एकट्यापुरता राहत नाही.

मग शीलवान म्हणजे निर्दोष का? तसे असते तर कोणालाच पद घेता आले नसते. याबाबत रेव्ह. नारायण वामन टिळकांचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आपल्या भंडारा रोड स्टेशनावरूनच पुढे जाते. याच मार्गावरच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांशी सौजन्याने बोलून त्यांच्या हाती नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. एवढा मोठा कवी आणि पुढारी. पण त्यांचा तापट स्वभाव आणि पैशाबाबतचा निष्काळजीपणा आपल्याला कोणी सांगितला? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ‘स्मृतिचित्रे’त. त्यांनी काही झाकले नाही. तरीही ते पुस्तक वाचून टिळकांविषयीचा आदर वाढतो, कारण त्या घरात ढोंग नव्हते. तिथे भांडणे होती, गरिबी होती, आणि परक्या मुलांनाही आसरा होता. ज्याच्या घरची माणसे त्याच्याविषयी न भिता खरे बोलू शकतात आणि खरे बोलूनही त्याच्यावर प्रेम करतात, त्या माणसावर मंडळी सोपवायला हरकत नाही.

संदेष्टा शमुवेलानेही लोकांना असेच न भिता बोलू दिले. म्हातारपणी तो सगळ्या इस्राएलासमोर उभा राहिला आणि विचारू लागला, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव, कोणाकडून लाच? सांगा, मी परत करतो. लोकांना एकही तक्रार सापडली नाही. धान पिकवणाऱ्या आपल्या लोकांना बैलाचे मोल सांगायला नको. आपल्या पुढाऱ्यांनीही वर्षातून एकदा असेच उभे राहावे आणि उत्तर ऐकून घ्यावे.

काही गोष्टी लगेच सुरू करता येतील. रविवारचे दान एकट्याने मोजू नये. दोघांनी मोजावे आणि वहीत दोघांच्या सह्या असाव्यात. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी पोचवताना, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून सोबत विश्वासू माणसे घेतली होती. जमाखर्च दर तीन महिन्यांनी मंडळीसमोर वाचावा. हिशेब मागणाऱ्याला बंडखोर म्हणू नये. नुकत्याच विश्वासात आलेल्या माणसाला, त्याचा उत्साह कितीही असला तरी, लगेच पद देऊ नये. समुपदेशन आणि प्रार्थना बंद दाराआड एकट्या स्त्रीबरोबर किंवा मुलाबरोबर करू नये. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून ते दडपणे हा दुसरा अन्याय आहे.

आणि आपल्या बाजूचेही पाहा. पाळकाला महिनोन्‌महिने मानधन द्यायचे नाही, त्याच्या मुलांच्या फीची चौकशी करायची नाही, आणि मोहात पडला की दगड उचलायचा, हे ख्रिस्ती वागणे नव्हे. त्याचे मानधन वेळेवर द्या. त्याला आठवड्यात एक दिवस विसावा द्या. चूक दिसली तर आधी त्याच्या तोंडावर, प्रेमाने सांगा. त्याने ऐकले नाही तर दोघा-तिघांना बरोबर घेऊन जा. पश्चात्ताप केला तर क्षमा अवश्य करा; मात्र क्षमा केली म्हणून दानपेटीची चावी लगेच परत द्यायची नसते. विश्वास पुन्हा कमावायला वेळ लागतो.

पुढच्या निवडीच्या सभेत हात वर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. याच्या घरच्यांना हा कसा वाटतो? याच्या हातून गेलेल्या पैशाचा हिशेब कोणी पाहिला आहे का? गावातला ख्रिस्ती नसलेला शेजारी याच्याविषयी काय सांगतो? उत्तरे समाधानाची नसतील तर जागा वर्षभर रिकामी ठेवा आणि तोवर योग्य माणसासाठी प्रार्थना करा. रिकाम्या खुर्चीने मंडळी मोडत नाही. चुकीच्या माणसाने मात्र ती मोडते.