खुंटीवरची मार्टिनी

देवासहून भोपाळकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर काली सिंधेच्या काठी सोनकच्छ लागते. तेथे आमचे चुलत घर आहे. त्या घराच्या ओसरीवर दोन सागवानी खुंट्या आणि त्यांवर आडवी ठेवलेली एक बंदूक, हे दृश्य मी बाळपणापासून पाहत आलो. दर खंडेनवमीला तिच्या वाट्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ येई. उरलेले वर्षभर कोळ्यांची जाळी. मागच्या उन्हाळ्यात मात्र तिला खरा कौतुक करणारा भेटला. काकूंचा नातू अमेरिकेहून सुटीवर आला होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रायफली घेऊन, काळ्या दारूची काडतुसे स्वतःच्या हाताने भरून नेम मारण्याचा छंद तिकडे पुष्कळांना आहे, आणि हा त्यात चांगलाच रमला आहे. आल्या आल्या त्याने बंदूक उतरवली, उजव्या अंगावरची धूळ पुसली. मुकुट, त्याखाली 'व्ही. आर.' ही अक्षरे, एन्फील्डचे नाव आणि १८७६ हे साल उमटले.

"आजी, अगं ही तर मार्टिनी-हेन्री!" तो जवळजवळ ओरडलाच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, एकच बार काढून पाहू या का?"

पण घोड्यामागची तरफ गंजून बसली होती. ती खाली ओढल्याखेरीज या बंदुकीचे पोट उघडत नाही. त्याने सांध्यांत पातळ तेल सोडले, नळीचे तोंड मागच्या मातीच्या भिंतीकडे करून ती कोठीच्या खोलीत ठेवली, खोलीला कुलूप लावले आणि दोन दिवस थांबायचे ठरले. त्या दोन दिवसांत आम्हां दोघांचे जे बोलणे झाले तेच येथे मांडतो. कारण मालव्यातल्या कितीतरी मराठी घरांत अशी एखादी खुंटी असेल.

ही बंदूक आमच्याकडे कशी आली याच्या घरात तीन कथा आहेत आणि तिन्ही एकमेकींना खोट्या पाडतात. इतिहास मात्र सरळ आहे. १८५७ च्या जानेवारीत डमडमला चरबी लावलेल्या काडतुसांची कुजबुज सुरू झाली, तेव्हा दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असे व ते कागद दातांनी फाडावे लागत. पुढे १८६६ मध्ये मागून भरायची स्नायडर आली आणि १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री. पण सत्तावनच्या धास्तीने गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार हिंदी शिपायाला द्यायचे, असा सरकारचा शिरस्ताच पडला. १८८० मध्ये मैवंदच्या रणात गोऱ्या ६६ व्या पलटणीच्या हाती मार्टिनी होती, तर शेजारी मरणाऱ्या मुंबई ग्रेनेडियर्सच्या हाती स्नायडर. गोऱ्यांना नवी रायफल मिळाली की उतरलेली मार्टिनी आपल्या शिपायाकडे येई.

आता दारूविषयी. सोरा पंचाहत्तर भाग, कोळसा पंधरा, गंधक दहा, एवढाच तिचा संसार. पेटल्यावर तिचा अर्ध्याहून अधिक भाग वायू न होता धूर आणि काजळी होऊन राहतो. ही काजळी हवेतले पाणी ओढते आणि नळीला खाते. म्हणून नेमबाजी झाली की त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल द्यावे लागते. काडतुसात दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहू द्यायची नाही. गोळी मऊ शिशाची, त्यात थोडे कथील. तिला वंगण मधमाश्यांच्या मेणाचे आणि चरबीचे. "आम्ही चरबीऐवजी वनस्पतीचे तेल घालतो," तो म्हणाला, आणि मला पुन्हा डमडम आठवले. दोन बारांच्या मध्ये ही मंडळी नळीत नळकांड्याने तोंडची वाफ फुंकतात, काजळी मऊ राहावी म्हणून. मार्टिनीच्या एका काडतुसात सुमारे साडेपाच ग्रॅम दारू आणि एकतीस ग्रॅमची गोळी. बार झाला की काही क्षण निशाण दिसतच नाही.

याच ठिकाणी तो गंभीर झाला. बिनधुराची आधुनिक दारू त्याच पोकळीत तेवढीच भरली, तर जुनी नळी फुटते आणि भरणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो. आपल्याकडे याहून मोठा धोका जुन्या बारा बोअरच्या बंदुकींचा आहे. लोखंड आणि पोलाद पिळून केलेल्या नळ्यांवर सुरेख लहरी दिसतात, आणि आजचे काडतूस त्यांत सहज बसते. बसते म्हणून लोक उडवतात! नळीच्या खालच्या बाजूला बिनधुराच्या दारूची परीक्षा झाल्याचा ठसा नसेल, तर तिला हात लावू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी तरफ हलली. ठोकळा खाली गेला आणि आत हिरवट पडलेला पितळी बूड दिसला. काडतूस आत होते. किती वर्षांचे, कोण जाणे. तिच्याखाली आम्ही पत्ते खेळलो, पाळणे बांधले, आणि दर खंडेनवमीला काकूंनी तिच्या नळीला कुंकू लावले. काकू काही बोलल्या नाहीत. धाकट्या पणतीला तेवढे त्यांनी हाताला धरून परसात नेले.

मग कायद्याचे बोलणे झाले. मुलाची समजूत अशी की एवढी जुनी बंदूक म्हणजे शोभेची वस्तू. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंतच्या बंदुकींना तशी सूट आहेही. आपल्या १९५९ च्या शस्त्र-कायद्यात मात्र नुसते वय पुरत नाही. दुरुस्त करूनही जिच्यातून बार निघणार नाही, तिलाच सूट. परवाना काकांच्या नावाचा होता आणि काकांना जाऊन अकरा वर्षे झाली. परवानेदार गेला की हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाने मग आपल्या नावाने अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरून एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. घरी काडतुसे भरणे हे उत्पादन ठरते आणि त्याला वेगळा परवाना लागतो. तेव्हा या छंदाचा आरंभ आपल्याकडे दारूपासून होत नाही, कागदापासून होतो. ज्याला नुसत्या बंदुकी पाहायच्या असतील, त्याने इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रविद्यालयातले संग्रहालय पाहावे.

बंदूक आम्ही हलवली नाही. ठाण्यात लेखी कळवले; तेथून माणूस आला आणि जाणत्या कारागिराने काडतूस काढले. काजळीने ते भिंतीला असे चिकटले होते की त्याला दीड तास लागला. नातू शेजारी उभा राहून सारे पाहत होता. एक बार काढण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

बंदूक आता जमा आहे आणि अर्ज देवासच्या कलेक्टर कचेरीत आहे. यंदाच्या खंडेनवमीला काकूंनी रिकाम्या खुंट्यांनाच कुंकू लावले, आणि पणतीला मांडीवर घेऊन त्यांच्याखालीच बसल्या.