मसाल्याच्या डब्यातली कॉफी

बाहेरगावी शिकणारी मुले सुट्टीत घरी आली की चहाऐवजी कॉफी मागतात, आणि तीही फ्लेवरची. पिंपळगाव रेणुकाईत मिरचीच्या हंगामात व्यापाऱ्यापासून हमालापर्यंत सारा बाजार चहावर चालतो. तिथल्या अम्मीने मुलांची ही हौस कशी पुरवावी? शहरातून व्हॅनिलाची बाटली मागवावी का? आम्ही म्हणू, मागवू नये. पैसा वाचतो हे एक कारण. दुसरे कारण बाटलीच्या आत आहे.

व्हॅनिलाचा खरा अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे अशा अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावेच लागते. स्वस्त एसेन्समध्ये कधी अल्कोहोल असते, कधी दुसरा द्रव. म्हणून कोणतीही बाटली घेताना तिच्यावरची घटकांची यादी वाचा. मनात शंका ठेवून मुलांना पाजण्यापेक्षा वेलदोडा बरा.

आणि वेलदोडा ही काही तडजोड नव्हे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला कॉफी पीत. १५११ साली मक्केचा अधिकारी खैर बेग याने तिच्यावर बंदी घातली. कैरोच्या सुलतानाने ती उठवली. आपल्या देशात कॉफी कशी आली, याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. बाबा बुढन यांनी मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. अरबस्तानात आजही कॉफीत वेलदोडा घालतात. येमेनमध्ये कॉफीच्या फळाच्या वाळल्या सालींचा ‘किश्र’ सुंठ घालून उकळतात. आपल्या मराठी घरांतही कॉफी म्हटली की वेलची-जायफळ आलेच. म्हणजे फ्लेवर कॉफीला नवा नाही, फक्त बाटली नवी आहे.

आता कृती. दोन कपांसाठी अर्धा कप पाण्यात दोन वेलदोडे सालासकट ठेचून टाका. तीन-चार मिनिटे मंद आचेवर उकळू द्या. वास पाण्यात उतरला पाहिजे. मग दीड कप दूध आणि चवीपुरती साखर घाला. उकळी आली की गॅस बंद करा आणि त्यानंतरच दोन लहान चमचे इन्स्टंट कॉफी घालून ढवळा. कॉफी उकळत ठेवली तर कडवट होते. शेवटी गाळून घ्या.

याच कृतीत वेलदोड्याऐवजी बोटाच्या पेराएवढी दालचिनी किंवा चिमूटभर सुंठ घालता येते. थंडीत सुंठेची कॉफी घशाला बरी वाटते. गूळ वापरायचा तर कपात, तोही कॉफी जरा निवल्यावर. उकळत्या दुधात तो घातला तर दूध फाटण्याची भीती असते. जायफळ किसणीवर दोनदाच घासा. ते जास्त झाले तर गुंगी येते, म्हणूनच त्याच्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना शंका वाटते त्यांनी ते सोडून द्यावे, चवीत फारसे काही उणे होत नाही.

कॉफी घेताना पुडीवर चिकोरीचे प्रमाण पाहा. चिकोरीने रंग गडद होतो, पण ती कॉफी नव्हे. लहान मुलांना कॉफी देऊ नका. त्यांना वेलचीचे दूधच छान. मोठ्यांनीही ईशानंतर ती टाळावी, नाहीतर फजरला डोळे उघडत नाहीत.

एक गोष्ट मिरचीच्या गावासाठी खास. कॉफी आजूबाजूचा वास चटकन धरते. वेलदोड्याची रिकामी साले बरणीत टाकून ठेवली तर आठवडाभरात कॉफीला छान वास लागतो. पण तीच बरणी लाल तिखटाच्या डब्याशेजारी उघडी राहिली, तर मुलांना कोणता फ्लेवर मिळेल हे सांगायला नको. झाकण घट्ट लावा आणि बरणी दुसऱ्या फळीवर ठेवा.