रंगीत पानाचा हिशेब

रंगीत लेझर प्रिंटर घेताना आपण यंत्राच्या किमतीवर घासाघीस करतो. खरा खर्च कळतो तो टोनर पहिल्यांदा संपतो तेव्हा. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार कार्ट्रिज. छोट्या यंत्राच्या चारही अस्सल कार्ट्रिज एकदम घ्यायच्या म्हटल्या तर बिल यंत्राच्या किमतीच्या आसपास जाते, कधी तिला ओलांडूनही जाते. त्यातून नव्या यंत्राबरोबर बहुधा ‘स्टार्टर’ कार्ट्रिज मिळतात. त्यांत पावडर मुळातच कमी भरलेली असते.

मी एका छोट्या शाळेच्या कार्यालयाचा जमाखर्च पाहते. शाळेत रंग हवाच, या मताची मी आहे. बालवाडीतल्या मुलाला करडा आंबा दाखवून कसे चालेल? म्हणूनच जिथे रंगाचे काही काम नाही, तिथे तो वाया गेलेला मला बघवत नाही.

खोक्यावर ‘२,००० पाने’ लिहिलेले असते, ते नीट समजून घ्यायला हवे. रंगीत टोनर किती पाने पुरतो हे मोजायला आयएसओ १९७९८ हे मानक आहे. त्याची चाचणीची पाने ठरलेली असतात आणि त्यांवर प्रत्येक रंग ढोबळमानाने ५ टक्के जागा व्यापतो. समजा, एक कार्ट्रिज ४,००० रुपयांची आहे. म्हणजे रंगामागे पानाला २ रुपये, चारही रंगांचे ८. आता स्नेहसंमेलनाचे फोटोंनी भरलेले पत्रक घ्या. त्यात प्रत्येक रंग २५ टक्के पसरला तर तेच पान ४० रुपयांना पडते. साध्या काळ्या मजकुराची नोटीस २ रुपयांत होते. कागद आणि ड्रम (ज्यावरून टोनर कागदावर उतरतो तो दंडगोल) यांचा खर्च वेगळाच.

सगळ्यात जास्त टोनर कुठे जातो, हे पाहायचे तर व्हॉट्सॲपवर आलेले परिपत्रक हातात घ्या. कुणीतरी टेबलावर कागद ठेवून मोबाइलने फोटो काढलेला असतो. आपल्या डोळ्यांना तो पांढऱ्यावर काळा मजकूर वाटतो, पण यंत्राला तसे दिसत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात कागद पिवळट-करडा आलेला असतो, एका कोपऱ्यात हाताची सावली असते, कडेला टेबलाचा तपकिरी पट्टा असतो. रंगीत प्रिंट दिली की यंत्र हे सगळे इमानेइतबारे छापते. भिंगातून पाहिले तर कोऱ्या वाटणाऱ्या जागेतही पिवळे, गुलाबी, निळे ठिपके पसरलेले दिसतात. काळी अक्षरेसुद्धा अनेकदा चारही रंगांच्या मिश्रणातून उमटतात. पालकांना वाटायच्या नोटिशीच्या शंभर प्रती अशा निघाल्या, तर महिन्याचा रंग तिथेच संपतो. उपाय अगदी साधा आहे. मोबाइलच्या स्कॅनरमध्ये फोटो घेऊन काळे-पांढरे फिल्टर लावायचे, कडा कापायच्या आणि मग प्रिंट द्यायची. मूळ पीडीएफ मिळत असेल तर ती मागून घ्यावी, हे उत्तम.

त्याहून मोठी बचत ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये आहे. मूळ निवडच ‘ग्रेस्केल’ आणि पाठपोट अशी करून ठेवावी. ज्याला रंग हवा त्याने तो मुद्दाम निवडावा. वर्कशीटवरच्या जाड रंगीत चौकटी आणि मथळ्यामागचे भरीव पट्टे काढले, तर मुलांचे काहीच बिघडत नाही.

यंत्र चालू होताना रंग जुळवून घेते आणि त्यातही टोनर खर्च होतो. दर दोन प्रिंटनंतर मुख्य बटण बंद करण्यापेक्षा दिवसाची रंगीत कामे एकत्र काढावीत आणि मधल्या वेळात यंत्र झोपू द्यावे. ‘टोनर संपत आला’ अशी सूचना दिसली म्हणून लगेच कार्ट्रिज बदलू नये. अनेक यंत्रांत ती बाहेर काढून आडवी धरून हलकेच हलवली की आणखी काही पाने निघतात. अक्षर फिके पडेपर्यंत थांबावे.

रिफिलबद्दल माझे मत सरळ आहे. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक पूड. फ्यूजरच्या उष्णतेने ती वितळून कागदाला चिकटते आणि प्रत्येक पूड वेगळ्या तापमानाला वितळते. चुकीची भरली तर छापलेले बोटाने पुसले जाते आणि फ्यूजरही खराब होऊ शकतो. काळ्या रंगाची रिफिल ओळखीच्या कारागिराकडून जरूर करावी. रंगीत मात्र आधी एकच करून पाहावी. ग्राहकाने विकत घेतलेली कार्ट्रिज पुन्हा भरण्याचा हक्क त्याचाच, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात सांगितले, की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटहक्क उरत नाही. तरी कार्ट्रिजमधली चिप अडवणूक करू शकते. त्यामुळे यंत्र घेण्याआधीच त्या मॉडेलमध्ये दुसरी कार्ट्रिज चालते का, हे विचारून घ्यावे.

पावसाळ्यात कागदाची रीम उघडी ठेवू नये. दमट कागद अडकतो, त्यावर टोनर नीट बसत नाही आणि तेच पान पुन्हा काढावे लागते. टोनर कपड्यावर सांडला तर थंड पाण्याने धुवावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

शाळेत पुढचे यंत्र येईल तेव्हा विक्रेत्याला विचारायचे प्रश्न मी लिहून ठेवले आहेत. चारही कार्ट्रिजची किंमत किती आणि पाने किती? मोठ्या क्षमतेची कार्ट्रिज मिळते का? ड्रम कार्ट्रिजमध्येच आहे की वेगळा? एक रंग संपला तर काळी प्रिंट निघते की यंत्र अडून बसते? काही यंत्रे अडून बसतात, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी ते शाळेला परवडणारे नाही.