फोटोखाली नाव लिहा!

दोस्तांनो, नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांत कॅमेरेवाले येतात, शेंबडं पोर हुडकतात. आई तोंड पुसायला गेली की म्हणतात, "राहू द्या, मजा जाईल." वा रे कला! मॉडेलला पावडर, आमच्या पोराला धूळ!

ही खोड जुनी. गोऱ्या साहेबानं १८६८ ते १८७५ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया'चे ८ खंड काढले. फोटोखाली जात-जमात, माणसाचं नाव क्वचित. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारी कोसळली. तिथल्या पोरक्या पोरांचे फोटो पेपरांत आले. एकाचं तरी नाव आठवतं?

सुधारक ओलवेंनी मुंबईचे सफाई कामगार टिपले. घाण दिसते, पण आधी माणूस दिसतो.

म्हणून कॅमेरा घेणाऱ्या पोरांनो, आधी आईला विचारा. नाही म्हणाली तर चालू पडा. पोराला आवडता सदरा घालू द्या. दुपारचं ऊन डोळ्यांखाली काळं पाडतं. सकाळी दारातल्या सावलीत बसवा. गुडघ्यावर या, वरून टिपलं की पोर भिकारी दिसतं. एक प्रत घरी द्या.

गोदीत मी उतरवतो त्या खोक्यावरसुद्धा नाव-गाव असतं. आमचं पोर काय खोक्याहून हलकं?